घरी बोलली जाणारी भाषा

शुक्रवारपर्यंत फॉर्म भरायचा आहे.
नववीसाठी चिनी: पहिली पातळी, दुसरी, तिसरी,
आणि तळाला बारीक अक्षरांत एक चौकट,
"ही भाषा तुमच्या घरी बोलली जाते का?"
श्रूजबरीत दुपारपासून बर्फ पडतंय
आणि पेन हातात धरून मी विचार करतेय,
घरी म्हणजे नेमकं कुणाच्या.

शर्वाणी सात महिन्यांची होती तेव्हा
मी वूस्टरच्या हॉस्पिटलात रक्ताच्या नळ्या मोजत होते.
पहाटे साडेसहाला तिला गोधडीत गुंडाळून
समोरच्या दारात द्यायचे,
फांगबाईंच्या हातांत.
त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला चिनी.
आम्ही बोटांनी बोलायचो.
दोन बोटं: दोनदा दूध. गाल तळहातावर: झोपली.
पैसे त्यांनी माझ्यासमोर कधीच मोजले नाहीत.

सहा वर्षं.

मावशीला त्यांच्यात आयी म्हणतात,
मूल सांभाळणारीलाही आयीच.
पोरगी जिन्यातून हाक मारायची तेव्हा
मला कळायचं नाही, ही कुणाला.
आई. आयी.
त्यांचा स्वर आधी सपाट जातो, मग चढतो,
कुणी शेवटच्या पायरीवर पाय टेकल्यासारखा.
माझा तसा चढत नाही.
कधी कधी मी "ओ" द्यायचे,
आणि ती माझ्याकडे बघायची
चुकून दुसऱ्याच घरात शिरल्यासारखी.

मागच्या मंगळवारी शाळेत चाचणी झाली.
झोंगबाईंनी आधी बोलायला लावलं.
पोरगी सुटलीच.
ताटात टाकू नकोस, मोजे घाल, वारं बाधेल,
माशाचा काटा आधी जिभेनं शोध, मगच गिळ.
झोंगबाई हसून हसून चष्मा पुसायला लागल्या,
"ही बोलते शानदोंगमधल्या माझ्या आत्यासारखी.
आत्या सत्तरीची आहे."
मग त्यांनी विचारलं, शाळेत फोन आणावेत का, तुझं मत काय?
'मत' हा शब्दच तिला कळला नाही.
फांगबाईंच्या स्वयंपाकघरात
मत कुणी विचारत नसे, भूक विचारत.

मग कागद आला.
कागदावर तिला ओळखता आल्या चार दिशा,
एक 'मध्य', आणि एक ते नऊ आकडे,
सगळं माजाँगच्या सोंगट्यांवरचं.
बाकी पानभर बर्फ.

तर असा पेच.
पहिलीत घातली तर वर्षभर
"माझं नाव अमुक, मला सफरचंद आवडतं" करत कंटाळेल.
तिसरीत घातली तर पहिल्याच निबंधात बुडेल.
नवरा म्हणतो, दुसरी. मधलं बरं असतं.
बूट घेतानाही तो असंच म्हणतो.
समुपदेशक डेलानीबाई म्हणतात, गुणांचा विचार करा,
कॉलेजवाले बघतात.
मी मात्र त्या चौकटीपाशीच अडकलेली,
कारण या फॉर्मवर मराठी नाहीच कुठे,
आणि असती, तर मी हिला
कितव्या पातळीत बसवलं असतं?
'ळ' येतो. जोडाक्षरात ठेच लागते.
शिवी समजते, ओवी नाही.

यातलं एक अक्षर मी तिच्याशी बोलले नव्हते.
ती आली, ओले मोजे तसेच पायात,
माझ्या हातातलं पेन काढून घेतलं
आणि पहिलीवर खूण केली.
"अगं, फाडफाड बोलतेस तू!"
"बोलते ना. लिहिता कुठे येतं?
आयी फिनिक्सला लेकाकडे गेली
आणि आता फोनवर तिला ऐकू येत नाही.
मी ओरडते, ती म्हणते, जेवलीस का, जेवलीस का.
पत्र टाकायचंय मला.
पहिल्या रेघेपासून शिकते."

चौकट तिनं तशीच कोरी सोडली.
ती झोपल्यावर मी भरली: होय.
जरा दाबूनच उठवली खूण,
खालच्या कागदावरही उमटली.

समोरच्या घरात आता नवीन माणसं आहेत.
रात्री दोघं दारातला बर्फ उपसत होती, मोठ्यानं काही बोलत,
कुठल्या भाषेत,
ते काचेतून ऐकू आलं नाही.